थेट मैफलीची ध्वनिमुद्रिका आणि चाहत्यांचे आकर्षण : एक विवेचन

प्रस्तावना : पंक रॉकचा वेग आणि सहज गुणगुणता येणारी चाल यांचा मेळ घालणारा संगीतप्रकार म्हणजे पॉप-पंक होय. कॅलिफोर्नियातील ‘ब्लिंक-१८२’ या त्रिकुटाची ‘द मार्क, टॉम अँड ट्रॅव्हिस शो’ ही थेट मैफलींची ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर २००० मध्ये प्रकाशित झाली. तीतील बहुतेक गाणी चाहत्यांना आधीच परिचित होती. मग तिचे आकर्षण कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : स्टुडिओतील मुद्रणात केवळ गाणे उरते, येथे गाण्याभोवतीचा प्रसंगही उरतो. मार्क हॉपस व टॉम डिलाँग यांची दोन गाण्यांमधील थट्टामस्करी बहुतांशी पोरकट, प्रसंगी अश्लील आहे. तथापि, शिष्टाचार झुगारणाऱ्या याच भाषेमुळे कलावंत आणि श्रोता यांतील अंतर मिटते. मंचावरील गायक वर्गमित्रासारखा भासतो. शीर्षकात आडनावे नाहीत, हेही सूचक होय.

मात्र ही जवळीक संपादित आहे. नोव्हेंबर १९९९ मधील सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथील मैफलींचे हे मुद्रण निवड व जुळणीनंतर एकाच संध्याकाळीसारखे ऐकू येते. त्यात स्टुडिओत मुद्रित केलेले ‘मॅन ओव्हरबोर्ड’ हे नवे गाणेही जोडले आहे.

समारोप : म्हणूनच अशा ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन केवळ गायन-वादनाच्या सफाईवरून करणे अपुरे ठरते. अभ्यासकाने तिला घटनेची निव्वळ नोंद न मानता रचलेली संहिता मानावे. घरी एकट्याने ऐकणाऱ्या चाहत्याला त्या गर्दीत जागा मिळवून देणे, हेच या रचनेचे खरे कार्य होय.