गृहसजावट कोणासाठी?

गृहसजावट म्हटले की पडदे, गालिचे आणि झुंबरे डोळ्यांपुढे येतात. आणि ज्याचा संसार एका खोलीत आहे तो मनुष्य, हा विषय आपला नव्हे, असे समजून बाजूस सरतो. हा समज खोटा ठरविणाऱ्या एका बाईंची ओळख येथे करून द्यावयाची आहे. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १८९७ साली व्हिएन्नात झाला. तेथील कलाशाळेत त्या वास्तुकला शिकत असताना, १९१७ साली कामगारांच्या घरांसाठी आराखड्यांची स्पर्धा निघाली. तेव्हा गुरू ऑस्कर स्ट्रनाड यांनी त्यांना सांगितले की, रेघ ओढण्याआधी कामगार राहतात कसे ते पाहून या. त्या वस्तीत गेल्या, दाटीवाटीने राहणारी कुटुंबे पाहिली आणि मगच कागद पुढे घेतला. त्यांची पुढील सारी कामगिरी या एका धड्यातून निघाली, असे मला वाटते.

१९२६ साली एर्न्स्ट माय यांनी त्यांना फ्रांकफुर्टला बोलाविले. युद्धानंतरची घरटंचाई भागविण्यासाठी ते शहर हजारो घरे बांधीत होते. स्वयंपाकघराला मिळाली जागा सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब! बाईंनी आगगाडीतील भोजनाच्या डब्याचे स्वयंपाकघर अभ्यासले. कोणत्या कामाला किती वेळ आणि किती पावले लागतात ते मोजले. मग खिडकीखाली कामाचा ओटा, बसून काम करण्यास फिरते स्टूल, डाळ-तांदूळ ओतण्यासाठी चोचीचे ॲल्युमिनियमचे खण, भिंतीला मिटणारी इस्त्रीची फळी, अशी मांडणी केली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. शोभेचे त्यात काही नव्हते. तरी ते सुंदर होते, कारण प्रत्येक वस्तू हाताशी होती.

मित्रहो, कारखान्यात कोणी घड्याळ घेऊन यंत्राशेजारी उभा राहिला की कामगार सावध होतो. वाचलेला वेळ मालकाच्या पदरात पडतो आणि उद्याचे काम वाढते, हा त्याचा अनुभव. मग तेच घड्याळ स्वयंपाकघरात कसे चालावे? उत्तर एवढेच की, वेळ कोणाचा वाचतो हे पाहावे. येथे तो राबणाऱ्या बाईचा वाचावा, असा हेतू होता.

परंतु हेतू चांगला असला तरी हिशेब पुरा झाला नाही. त्या अरुंद जागेत दोन माणसांना काम करणे कठीण. बाई एकटीच आत राहिली. पावले कमी झाली, पण कामाची वाटणी झाली नाही. पुढे अनेकांनी त्या रचनेवर हाच आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे.

१९४१ साली नाझी राजवटीविरुद्धच्या कार्यासाठी बाईंना अटक झाली; १९४५ पर्यंत त्या तुरुंगात होत्या. २००० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

आपल्या घरात रंग काढण्यापूर्वी, ओटा बदलण्यापूर्वी, तेथे रोज उभे राहते कोण, हे आधी विचारा. आणि त्या ओट्यापाशी दुसऱ्या माणसाला उभे राहण्यापुरती जागा ठेवा.