विस्मरणाची सुरुवात चेतासंधीत

दोन चेतापेशींमधील ज्या सूक्ष्म सांध्यातून रासायनिक संदेश पलीकडे जातो त्याला चेतासंधी म्हणतात, आणि अनुभवागणिक या संधी बळकट वा क्षीण होणे हा स्मृतीचा पाया मानला जातो. अल्झायमरचा आघात पेशी मरण्याच्या कितीतरी आधी या संधींवर होतो.

बहुसंख्य संशोधकांच्या मते त्याची सुरुवात अ‍ॅमिलॉइड बीटा या सुमारे ४० ते ४२ अमिनो आम्लांच्या प्रथिनखंडापासून होते. पेशीपटलातील एका मोठ्या प्रथिनाला दोन विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, छेदतात तेव्हा हा खंड सुटतो आणि त्याचा निचरा झाला नाही तर असे खंड एकमेकांना चिकटतात. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेले मेंदूतील साठे याच खंडांचे असले, तरी त्यांहून घातक मानले जातात ते मोजक्या रेणूंचे विरघळलेले पुंजके. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुदीप्त मैती, पी. के. मधू व सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर कृत्रिम पटल चढवून, विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आधारे, पटलाला चिकटलेल्या अशा पुंजक्याची घडण २०१५ साली उलगडली.

पेशीच्या आत टाऊ हे प्रथिन वाहतुकीच्या सूक्ष्मनलिकांना आधार देते; त्यावर फॉस्फेट गट प्रमाणाबाहेर चढले की ते नलिकांपासून सुटते, त्याचा गुंता होतो आणि संधींना लागणारी द्रव्ये पेशीच्या टोकापर्यंत पोहोचेनाशी होतात. नव्या आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होत असल्याने रुग्णाला बालपण आठवते, पण सकाळचे जेवण आठवत नाही.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असून ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अधिक आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबांतली कर्ती माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि घर, जनावरे व नातवंडे वृद्धांच्या हवाली होतात, त्यामुळे सुरुवातीचे विसरणे टिपायला कोणी नसते. मात्र काही महिन्यांनी परतणाऱ्या मुला-सुनांना झालेला फरक एकदम जाणवू शकतो. तो ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून न देता अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तपासणे हिताचे, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइड संप्रेरकाची कमतरता आढळल्यास त्यावर उपचार करता येतात. अल्झायमरच ठरला, तरी २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबसारख्या अ‍ॅमिलॉइड हटवणाऱ्या औषधांचा माफक लाभ केवळ प्रारंभीच्या टप्प्यातच दिसला आहे. ती ऱ्हास मंदावतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत.