पाणी खारे, पण कोणत्या क्षाराने?

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला धंदा करणाऱ्या बांधवांना खारपाणपट्टा समजावून सांगायला नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत क्षार मुरलेले आहेत, निचरा कमी आहे, त्यामुळे विहीर खोदा की बोअर, पाणी खारटच लागते. अकोला आणि अमरावतीतही हा पट्टा पसरला आहे.

कापडाच्या धंद्यात क्षाराची जात लवकर कळते. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट कापडावर चिकट साका बसतो आणि रंग डाग धरतो. पण रिअॅक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून रंगरेज स्वतःच हौदात मीठ टाकतो! म्हणजे क्षार किती, एवढेच विचारून भागत नाही.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच आहे. आज जारवाले आणि यंत्र विकणारे टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात. भारतीय मानकाप्रमाणे हा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतो. पण मीटर फक्त एकूण बेरीज करतो. फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर दातांवर डाग पडतात, फार वाढले तर हाडे आखडतात; मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर बाटलीच्या दुधावरील तान्ह्या बाळाला धोका असतो. सोडियम जास्त असेल तर रक्तदाबवाल्यांनी जपावे.

या भागात मूत्रपिंडाचे रुग्ण वाढले की लोक सरळ पाण्याला दोष देतात. संशय रास्त आहे, पण मधुमेह, रक्तदाब, उन्हातले कष्ट आणि अंगदुखीच्या गोळ्या यांचाही हिशेब लावला पाहिजे.

उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटते तसे ते दाटच होतात. तुरटी गढूळपणा बसवते, एवढेच. आरओ यंत्र क्षार काढते, पण बरेच पाणी वाया घालवते आणि पडदा वेळेवर बदलला नाही तर काम देत नाही. वान धरणावरील १४० गावांच्या योजनेचे नळाचे पाणी मिळत असेल तर पिण्यासाठी आधी तेच पाहावे.

यंत्रावर पैसा घालण्यापूर्वी स्वच्छ बाटलीत पाणी भरून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावे आणि फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा यांचे वेगवेगळे आकडे मागावेत. जारवाल्यालाही हाच कागद दाखवायला सांगावे.