घरकुलांची ओळ सुधारायची तर आधी पाण्याला वाट द्या

आज आम्ही बोलणार आहोत ओळीतल्या घरकुलांबद्दल. भिंतीला भिंत लावून बांधलेली, काही वर्षांतच पोपडे सुटलेली, दुपारी भट्टीसारखी तापणारी घरं. आपल्या कामरगावाकडच्या बायांना ती ओळ डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. एखाद्या घराला कुलूप असतं, एखाद्यात कुटार भरलेलं असतं. घर मिळालं, पण त्यात राहावंसं वाटत नाही, अशी गत.

पाडून नवं बांधू, असं घरातले पुरुष सहज म्हणतात. प्रधानमंत्री आवास योजनेत गावातल्या घरकुलाला अनुदान मिळतं, पण पक्कं घर असलेल्याचं नाव त्या यादीत लागत नाही. म्हणजे आहे तेच घर नीट करणं हाच मार्ग उरतो. आणि या योजनेतलं घर बहुतेक बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं. तेव्हा भिंत कुठे फोडायची, पैसा आधी कशावर घालायचा, हे तिला विचारूनच ठरलं पाहिजे.

पहिलं काम पाण्याचं. रंग नाही, फर्निचर नाही, पाणी. आपली काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने पाया हलतो आणि भिंतीला तिरपी भेग पडते. वरून कितीही सिमेंट भरा, पुढच्या वर्षी भेग तिथेच. सुट्या घरात हे त्या घरापुरतं असतं. ओळीत तसं नाही. तिसऱ्या घरची मोरी भिंतीपाशी मुरली की चौथ्या घराची भिंत तडकते, आणि मग दोन जावांमध्ये नसेल इतकं भांडण दोन शेजारणींत होतं. म्हणून आम्ही म्हणतो, एकटीने घर दुरुस्त करू नका, ओळ दुरुस्त करा. पुढे-मागे भिंतीलगत दोन-तीन फुटांचा कोबा घाला, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. सगळ्या मोऱ्यांची एकच नाली करा. तिचं पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्या, पायापासून लांब.

दुसरं काम छताचं. ओळीतल्या घराच्या दोन बाजू शेजाऱ्यांच्या. ऊन आत येतं ते मुख्यतः वरून. स्लॅब असेल तर होळीच्या आधी स्वच्छ झाडून चुन्याचे दोन हात मारा. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी करण्याचं काम केलं आहे, त्यामागचं तत्त्व हेच. चुना पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. चुना भिजवताना उकळतो, लेकरांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. टिनाचं छप्पर असेल तर टिनाखाली वीतभर जागा सोडून आडोसा बांधा. तुराट्यांचा तट्टा स्वस्त पडतो, पण त्यात उंदीर आणि विंचू शिरतात. आम्हाला जुन्या लुगड्यांचं छत बरं वाटतं, काढून धुता येतं. चुलीच्या वर मात्र यातलं काहीच नको.

आता आतलं. या घरांत हवा पुढच्या दारातून मागच्या दाराकडेच जाऊ शकते. आणि नेमकं मागच्या खिडकीपुढे आपण कपाट उभं करतो, त्यावर गाद्यांची चळत! ते कपाट शेजाऱ्याकडच्या भिंतीला लावा. त्या भिंतीला खिडकी नसतेच, मांडणी, फळ्या, पेट्या सगळं तिथे जाऊ द्या. मागच्या भिंतीत वर एक झरोका असला तर गरम हवा निघून जाते. पण मिस्त्रीला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नका, कोपऱ्याजवळ तर नाहीच, आणि सामाईक भिंतीला हात लावू नका. आतून गडद ऑइलपेंट टाळा. तो ओल कोंडून धरतो आणि मग पोपडे सुटतात. चुन्याचा फिका रंग ओल सुकू देतो, खोलीही उजळ दिसते. आंघोळीचं पाणी तापवायची चूल सांदवाडीत न्या.

हिरवळीबद्दल लातूरकडे बघण्यासारखं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथली आणि धाराशिवची ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली, सरळ ओळींत, रुंद रस्त्यांवर. घरं मजबूत होती, पण जुन्या गल्लीची सावली गेली. पुढच्या वर्षांत लोकांनीच ओसरी काढली, कुंपण घातलं, झाडं वाढवली, तेव्हा कुठे ती गावं वाटू लागली. जी गावं हलवली नाहीत, तिथे दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत महिला मंडळांनी गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं. घर कसं मजबूत करायचं हे बायांनी बायांना समजावून सांगितलं.

आपल्याकडे झाड लावताना काळ्या मातीचा विचार करा. मुळं पायाजवळचं पाणी ओढतात. म्हणून शेवगा भिंतीपासून निदान दहा फुटांवर, कडुनिंब ओळीच्या टोकाला मोकळ्या जागेत. वड-पिंपळाचं रोप भिंतीत उगवलं तर लगेच काढा. ज्या दाराला पश्चिमेचं ऊन येतं, तिथे मांडव घाला आणि पोत्यात माती भरून वेल चढवा. पावसाळ्यात लावलेला वेल मे महिन्यात कामाचा नाही. दोडका, कारलं माघातच लावावं आणि भांडी विसळलेलं पाणी द्यावं. मोरीच्या साबणाच्या पाण्यावर केळी आणि कर्दळ चालते, कच्ची खायची कोथिंबीर नको.

खर्चासाठी गटातून प्रत्येकीने वेगवेगळं कर्ज उचलण्यापेक्षा ओळीतल्या सगळ्या बायांनी मिळून नाली आणि कोब्याचा एकच अंदाज काढावा. वाळू-सिमेंटची खेप एकच पडते आणि मिस्त्री एकदाच येतो. कुलूपबंद घरमालकालाही त्यात धरा, नाहीतर त्याच्याच दारात पाणी अडतं. पुढच्या बैठकीला येताना मोजपट्टी आणा. ओळीची लांबी मोजू आणि पाणी कुठल्या टोकाला उतरतं ते पाहू. नाली तिकडेच काढायची आहे.