चौकात नसलेलं गार्डन

मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नाव एक, इमारती मात्र आजवर चार. पहिल्या दोन खरोखरच न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात होत्या. १९२५ साली टेक्स रिकार्ड या बॉक्सिंगच्या बड्या आयोजकाने तिसरी उभारली ती आठव्या ॲव्हेन्यूवर. चौक सुटला, नाव राहिलं. १९६८ पासूनची चौथी पेन स्टेशनच्या डोक्यावर बसली आहे. दिसायला यथातथाच.

गार्डनचं नाव बॉक्सिंगशी जोडलेलं, पण गंमत म्हणजे हेवीवेटच्या बऱ्याच गाजलेल्या लढती इथे झाल्याच नाहीत. गर्दी जास्त मावते म्हणून त्या बेसबॉलच्या मैदानांवर भरत. विजेत्या जो लुईने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवलं, ते १९३८ साली यँकी स्टेडियमवर. गार्डनच्या वाट्याला आली १९४७ची लुई-वॉलकॉट लढत. लुई दोनदा खाली गेला, तरी दोनास एक अशा मतांनी जेतेपद त्याच्याकडेच राहिलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

गार्डनचा आजचा दबदबा माझ्या मते एका रात्रीची कमाई आहे: ८ मार्च १९७१. सैन्यभरती नाकारून बंदी ओढवून घेण्याआधी मुहम्मद अली शेवटचा लढला होता तो जुन्या गार्डनमध्ये. आता समोर विजेता जो फ्रेझर. दोघेही अपराजित, दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. फ्रँक सिनात्रासारखा गायक ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी रिंगच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा. पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक जबड्यावर बसला आणि अली पाठीवर आदळला. बुटांचे लाल गोंडे हवेत उडाले. क्षणात तो उठलाही, पण गुण देणाऱ्या तिघांनीही कौल फ्रेझरला दिला.

पुढे लास वेगासच्या कॅसिनोंनी थैल्या मोकळ्या सोडल्या आणि मोठ्या लढती तिकडे वळल्या. गार्डनवर १९९९ साली होलिफील्ड-लुईस लढत झाली. लेनॉक्स लुईस उघड वरचढ असताना ती बरोबरीत सोडवली गेली. त्या निकालाने नाचक्कीच झाली. तरीही ब्रिटनच्या अँथनी जोशुआला अमेरिकेतल्या पहिल्या लढतीसाठी २०१९ मध्ये हेच गार्डन लागलं. तिथे अँडी रुईझने सातव्या फेरीत त्याचे जेतेपदाचे पट्टे काढून घेतले.

अली पडला ती रिंग मूळची १९२५ची, तिसऱ्या गार्डनमधून आणलेली. २००७ साली ती निवृत्त झाली. आता न्यूयॉर्क राज्यातल्याच कॅनस्टोटा गावी, बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये ती पाहता येते.