श्वास थांबत असताना अब्रूचा विचार नको: नॅलोक्सोन म्हणजे काय?

नशेचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘आपल्या घरात असलं काही नाही.’ दुसरं, ‘स्वतःच ओढवून घेतलंय, भोगू दे.’ ही दोन्ही वाक्यं कधी कधी एखाद्याच्या जिवावर उठतात. तरुण मुलगा खोलीत निपचित पडलेला असतो, ओठ निळसर झालेले असतात आणि घरचे लोक आधी दार लावून घेतात. शेजाऱ्यांना कळायला नको! वाचवण्याची वेळ हातात असते ती नेमकी तीच पाच-दहा मिनिटं.

म्हणून आम्ही आज एका औषधाची ओळख करून देत आहोत. त्याचं नाव नॅलोक्सोन. अमेरिका, कॅनडासारख्या देशांत शिक्षक, ग्रंथपाल, विद्यार्थी, आई-वडील हे औषध बॅगेत बाळगतात. त्यामागचं कारण समजून घेतलं तर आपल्यालाही उपयोग होईल.

श्वास का थांबतो?

अफू, ब्राऊन शुगर, हेरॉईन, मॉर्फिन, फेंटानिल हे सगळे एकाच घराण्यातले पदार्थ. दुखण्यावर दिली जाणारी ट्रॅमाडॉलची गोळी आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्यातलंच. डॉक्टर या सगळ्यांना ‘ओपिऑइड’ म्हणतात. मेंदूतल्या ठरावीक जागांवर हे पदार्थ जाऊन बसले की वेदना थांबते, गुंगी येते. पण श्वास चालू ठेवणारा मेंदूचा भागही सुस्त होतो. मात्रा जास्त झाली, किंवा सोबत दारू अथवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर श्वास मंद होत होत थांबतो. हृदय आधी बंद पडत नाही, आधी श्वास जातो. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होते.

नॅलोक्सोन काय करतं? वर्गात बाकावर ठाण मांडून बसलेल्या मुलाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याने बसावं, तसं ते मेंदूतल्या त्या जागांवरून ओपिऑइडला हटवतं आणि स्वतः तिथे बसतं. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. या औषधाची नशा होत नाही, सवय लागत नाही. शरीरात ओपिऑइड नसेल तर ते दिल्याने सहसा काही होत नाही, म्हणजे अंदाज चुकला तरी फारसं नुकसान नाही.

दवाखान्यातून लोकांच्या हातात

जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टीन यांनी १९६१ साली या औषधाचं पेटंट मागितलं. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे अनेक वर्षं ते फक्त दवाखाने आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्येच राहिलं. पण माणूस बेशुद्ध पडतो तेव्हा जवळ डॉक्टर नसतो. जवळ असतो तो मित्र, भाऊ किंवा आई. हे ओळखून शिकागोमध्ये डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जवळच्या लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये स्कॉटलंडने देशपातळीवर तशी योजना आणली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की ओव्हरडोस पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते, अशा लोकांना हे औषध आणि ते वापरण्याचं शिक्षण मिळालं पाहिजे.

दरम्यान अमेरिकेत फेंटानिलने थैमान घातलं. ते हेरॉईनपेक्षा सुमारे ५० पट तीव्र असतं. २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत तिथे दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसने गेली. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे कर्मचारी बागेत पडलेल्या लोकांना नॅलोक्सोन देऊ लागले. २०१८ मध्ये तिथल्या सर्जन जनरलनी सामान्य नागरिकांना ते जवळ ठेवण्याचं जाहीर आवाहन केलं. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये शाळेच्या आवारात एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या शाळांमध्ये हे औषध ठेवण्यात आलं आणि पुढे विद्यार्थ्यांनाही ते बाळगण्याची परवानगी मिळाली. मार्च २०२३ पासून नाकात मारायचा ४ मिलिग्रॅमचा स्प्रे तिथे चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता आहे. २०२४ मध्ये मृत्यूंची संख्या सुमारे ८० हजारांवर आली. यामागे अनेक कारणं आहेत, पण गावोगावी पोचलेलं नॅलोक्सोन त्यातलं एक मानलं जातं.

मुस्लिमबहुल देशही यात मागे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पात कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि युक्रेनमध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळालं.

‘यामुळे नशेला मोकळीक मिळणार नाही का?’

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. नशा हराम आहे, यात दुमत नाही. पण बुडणाऱ्याला बाहेर काढताना आपण ‘पोहता येत नव्हतं तर पाण्यात उतरलास कशाला?’ असं विचारत बसत नाही. जान वाचवणं आपल्या दीनमध्ये किती मोठं मानलंय हे वेगळं सांगायला नको. शिवाय नॅलोक्सोनने नशा वाढत नाही, उलट चढलेली नशा एका झटक्यात उतरते. शुद्धीवर आलेल्या माणसाला थरथर, उलटी, घाबरेपणा असा त्रास होतो. मजेसाठी हे कुणी घेणार नाही. तौबा करायची आणि उपचार घ्यायची संधी जिवंत माणसालाच मिळते.

आपल्याकडची परिस्थिती

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक ओपिऑइड घेतात. ज्या मोजक्या राज्यांत गंभीर रुग्णांची संख्या मोठी आहे, त्यात महाराष्ट्राचंही नाव आहे. तरीही आपल्याकडे नॅलोक्सोन मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि मोठ्या दवाखान्यांतच मिळतं. अमेरिकेसारखा स्प्रे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. एमडी (मेफेड्रोन), गांजा, झोपेच्या गोळ्या यांवर नॅलोक्सोन चालत नाही. हे सगळ्या नशेवरचं औषध नव्हे.

तीन प्रसंगी घरच्यांनी जास्त सावध राहायला हवं. पहिला, मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून घरी आल्यानंतरचे काही आठवडे. शरीराची सवय गेलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा घेतली तर तीच जीवघेणी ठरते. दुसरा, घरात कॅन्सरच्या रुग्णासाठी मॉर्फिन किंवा फेंटानिलची पट्टी असेल तेव्हा. तिसरा, दादाजानची दुखण्याची गोळी लहान मुलाच्या हाती लागेल अशा ठिकाणी असेल तेव्हा. अशी औषधं कुलपात ठेवा. घरात नॅलोक्सोनची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्या वेळी काय करायचं?

लक्षणं: हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जाग येत नाही. श्वास अगदी मंद किंवा घुरघुर आवाजाचा. ओठ, नखं निळी किंवा राखाडी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

१. लगेच १०८ ला फोन करा. काय घेतलं ते माहीत असेल तर लपवू नका.

२. नॅलोक्सोन स्प्रे असेल तर माणसाला पाठीवर झोपवा, मान मागे करा, एका नाकपुडीत पूर्ण मारा. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत.

३. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांना एक. छाती वर येते का ते पाहा. नाडी लागत नसेल तर छाती दाबणं सुरू करा.

४. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही.

५. लिंबूपाणी, दूध, मीठपाणी काहीही तोंडात ओतू नका. चप्पल हुंगवणं, थंड पाण्याखाली धरणं यात वेळ जातो.

६. शुद्ध आली तरी एकटं सोडू नका, दवाखान्यात न्याच. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. नशा त्याहून जास्त टिकली तर श्वास पुन्हा थांबू शकतो.

ज्यांची मुलं शिकायला अमेरिका-कॅनडात आहेत, त्यांनी हे फोनवर मुलांशी बोलावं. कॅनडातल्या अनेक प्रांतांत हे किट फार्मसीत मोफत मिळतं. मुलाने ते जवळ ठेवलं म्हणून तो बिघडला असं समजू नका. रूममेटसाठीही ते लागू शकतं.

इथे ज्यांच्या घरात व्यसनाचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. म्हणजे उपचाराचा दरवाजा बंद नाही.

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना एखाद्या शाळेत किंवा जमातखान्यात बोलवून श्वास कसा द्यायचा, कुशीवर कसं वळवायचं, एवढं तासाभरात शिकून घेता येईल. मशीद कमिट्यांनी, महिला बचत गटांनी हे मनावर घ्यावं. स्प्रे आपल्याकडे येईल तेव्हा येईल, १०८ ला फोन करणं आणि दार उघडं ठेवणं आजही आपल्या हातात आहे.