सुईचा कित्ता

पूर्वी मराठी घरात शिरले की बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीतले भरतकाम हमखास दिसे. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेला मोर, नाहीतर राघू-मैना आणि खाली ‘सुस्वागतम्’. ते कुणी भरले, हे फारसे कुणी विचारत नसे. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या भरतकामाचे अभ्यासक मात्र शंभराहून अधिक वर्षे हाच प्रश्न विचारत आले आहेत. त्या भरतकामाला तिकडे ‘सॅम्पलर’ म्हणतात. मुलीकडे लंडनला जाणे-येणे सुरू झाले आणि मलाही त्याचा नाद लागला.

या शब्दाचे मूळ लॅटिन; अर्थ उदाहरण, नमुना. आपण त्याला सुईचा कित्ता म्हणू या. छापील नमुने दुर्मिळ होते तेव्हा नवा टाका, नवी वेलबुट्टी दिसली की बाई ती चिंधीवर उतरवून ठेवी आणि पट्टी गुंडाळून पेटीत टाकी. साल घातलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी कित्ता १५९८ चा आहे. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. जेन बॉस्टॉक हिने त्यावर आपले नाव भरले आहे आणि दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या अ‍ॅलिस ली या मुलीची जन्मतारीखही. तारीख, वार, दुपारची वेळ, सगळे सुईने!

पुढे हा कित्ता शाळेत गेला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आठ-दहा वर्षांच्या मुली त्यावर मुळाक्षरे, आकडे, धर्मवचने आणि शेवटी आपले नाव, वय व साल भरत. श्रीमंताघरच्या मुलीसाठी ते घरात मिरवण्याचे भूषण होते. गरिबाघरच्या मुलीसाठी ती पोटाची सोय होती. मालकिणीच्या चादरींवर, टॉवेलांवर खुणेची अक्षरे घालता आली की मोलकरणीची नोकरी मिळे. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमातल्या मुलींचे कित्ते पाहावेत. लाल दोऱ्यात इवल्याइवल्या अक्षरांच्या ओळींमागून ओळी. ती एक प्रकारे त्यांची प्रशस्तिपत्रेच होती.

हे कित्ते वाचायलाही शिकावे लागते. माझ्याकडे विकत घेतलेले चारच आहेत, पण हाती आलेला प्रत्येक मी आधी उलटा करून बघते. उजेडाने पुढचा रंग उडतो, मागे मूळचा रंग शिल्लक असतो. काळा दोरा पुष्कळदा कुजलेला सापडतो, कारण तो रंगवताना वापरलेले लोहक्षार धागा खातात. जुन्या मुळाक्षरांत ‘जे’ आणि ‘यू’ नसतात. त्या काळी ती वेगळी अक्षरे मानत नसत. आणि एक गंमत! काही कित्त्यांवर सालातले आकडे नंतर उसवलेले असतात. मोठेपणी बाईसाहेबांना आपले वय भिंतीवर टांगलेले नको असे.

पण एक कित्ता पाहून गंमत विसरायला होते. ससेक्समधल्या अ‍ॅशबर्नहॅमच्या एलिझाबेथ पार्करने तो १८३० च्या सुमारास भरला. त्यात फूल नाही, पक्षी नाही. पांढऱ्या कापडावर लाल रेशमी दोऱ्याने फुलीच्या टाक्यात ओळीमागून ओळ नुसता मजकूर. आपल्याला लिहिता येत नाही, असे सांगून ती आपली कहाणी सांगते. कोवळ्या वयात नोकरीला लागणे, मालकाने केलेला छळ, जीव देण्याचा विचार. शेवटी, माझ्या आत्म्याचे काय होणार, असे विचारता विचारता मजकूर मध्येच थांबतो. अभ्यासकांनी चिकाटीने गावची दप्तरे चाळली, तेव्हा पुढचे कळले: ती जगली, शिक्षिका झाली आणि १८८९ साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी वारली. कापडावर नाव होते, म्हणून हा शोध लागला.

आपल्याकडेही सुई होतीच. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण-भरतकाम शिकवले गेले, पुढे ते आपल्या कन्याशाळांतही रुळले. हाताखालून गेले ते मोर, ती तोरणे, त्या उशांच्या खोळी; पण मी पाहिलेल्या बहुतेक कामांवर करणारीचे नाव नाही. नाव घालणे म्हणजे मिरवणे, असे वाटत असेल का? आता जुनी घरे पडताहेत आणि या चौकटी माळ्यावरून थेट भंगारवाल्याकडे जाताहेत. काच आणि लाकूड विकले जाते, कापड फेकले जाते.

तुमच्या घरी असे एखादे भरतकाम असेल तर ते धुऊ नका, रंग फुटतात. उन्हापासून दूर ठेवा. आणि घरात आत्या, मावशी, आजी, कुणी जुने माणूस असेल तर आजच विचारा: हे कुणाच्या हातचे? नाव, माहेरचे आडनाव, गाव आणि अंदाजे साल एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा आणि चौकटीमागे लावून ठेवा. चार ओळी पुरेत. त्या बाईने दुपारच्या दुपारी त्या कापडावर घालवल्या आहेत.